कंट्रोल म्हणजे ताळा
(एटापल्ली येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवेळी आपली बैठक मोठ्या सडकेच्या गावात होते. यंदा ती एटापल्लीला आहे. वरोरा, भद्रावती, कोरपना, राजुरा, गोंडपिपरीकडची मंडळी काल सकाळी निघाली आणि आष्टी, आलापल्ली करत दिवस बुडताना इथे टेकली. येताना काहींनी विचारले, "एटापल्ली म्हणजे धानाचा, मोहाचा, तेंदूपानाचा मुलूख. तिथं जाऊन पऱ्हाटी अन् ज्वारीचं काय बोलता?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात येईल.

आज आम्ही भावावर बोलणार नाही, कर्जावरही बोलणार नाही. ते विषय उद्याच्या सत्रात आहेतच. आज एका शब्दावर बोलायचे आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो शब्द म्हणजे कंट्रोल.

तीन कंट्रोल

काल रात्री जेवताना आम्ही पंगतीत विचारले, कंट्रोल म्हणजे काय? एक म्हातारबाबा लगेच म्हणाले, "कंट्रोलचा तांदूळ." दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने धान्यावर नियंत्रण आणले, रेशनची दुकाने निघाली आणि खेड्यापाड्यांत त्या दुकानाचे नावच कंट्रोल पडले. हा पहिला कंट्रोल. एक तरुण म्हणाला, "अळी कंट्रोल झाली का, असं कृषी केंद्रवाला विचारते तो." हा दुसरा कंट्रोल. म्हणजे ताबा मिळवणे, आवरणे.

तिसरा कंट्रोल कोणी सांगितला नाही. सांगितला नाही यात तुमचा दोष नाही. तो शब्द विद्यापीठाच्या प्रयोगाच्या तक्त्यात असतो. पहिल्या ओळीत औषध क्रमांक एक, दुसऱ्या ओळीत औषध क्रमांक दोन आणि शेवटच्या ओळीत 'कंट्रोल'. मराठी अहवालात तिथे 'नियंत्रण' असे छापतात आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. नियंत्रण कशाचे? कोणी कोणाला आवरले? खरे तर त्या वाफ्यात कोणी काहीच केलेले नसते. बियाणे तेच, जमीन तीच, पेरणी त्याच दिवशीची, डवरणी तीच. फक्त जे औषध तपासायचे आहे ते तिथे टाकलेले नसते. हाच तिसरा कंट्रोल.

न टाकलेल्या वाफ्याला कंट्रोल का म्हणावे? याचे उत्तर शब्दाच्या जुन्या घरी सापडते. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. 'कोंत्र' म्हणजे समोरची आणि 'रोल' म्हणजे हिशेबाची गुंडाळी. त्या काळी हिशेब कागदाच्या किंवा कातड्याच्या गुंडाळीवर लिहीत. एक गुंडाळी कारभाऱ्याकडे असे आणि तिच्या खरेपणाची खात्री करायला दुसरी गुंडाळी दुसऱ्याकडे असे. दोन्ही समोरासमोर उलगडायच्या आणि जुळतात का पाहायचे. ती दुसरी गुंडाळी म्हणजे कंट्रोल. ताबा, हुकूम हे अर्थ त्याला मागाहून चिकटले.

आता सांगा, याला आपल्या भाषेत शब्द नाही का? आहे. शाळेत गुरुजींनी गुणाकार झाल्यावर शिकवला होता. ताळा. उत्तर काढले की ताळा पाहायचा. ताळा जुळला तर उत्तर खरे. म्हणून आम्ही त्या न फवारलेल्या, न टाकलेल्या तुकड्याला ताळ्याचा तुकडा म्हणतो. नियंत्रण हा शब्द पुस्तकात राहू द्या.

म्हातारीचा प्रश्न

हा शब्द आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो, परीक्षेत लिहिला, त्याचे गुण मिळवले आणि नोकरी लागल्यावर विसरलो. ही गोष्ट तुमच्यासमोर कबूल केलीच पाहिजे.

पदवी घेतल्यावर आम्ही एका औषध कंपनीत लागलो. काम होते पीक प्रात्यक्षिकाचे. म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात आमचे टॉनिक फवारायचे, पीक जोमात आले की चार गावची माणसे गोळा करायची, चहा पाजायचा आणि पऱ्हाटी दाखवायची. वावर कोणते निवडायचे हे आम्हाला वरून सांगितलेले असे. सडकेला लागून, भारी जमिनीचे, विहिरीवर मोटर असलेले. त्या वर्षी पाऊसही वेळेवर होता. झाडाला बोंडे लगडली होती. आम्ही फलक लावला आणि तासभर बोललो.

बोलणे संपले तशी धुऱ्यावर बसलेली एक म्हातारी उठली. निंदणाला येणारी मजूर बाई. तिने विचारले, "बाबू, यातलं न फवारलेलं कोनतं हाये?"

आम्ही म्हणालो, "माय, पूर्ण वावर फवारलं."

ती म्हणाली, "मंग तुले कसं समजलं का औषधानंच झालं म्हनून?"

लोक हसले. आम्हीही हसलो आणि औषधाची माहितीपत्रके वाटायला घेतली. पण रात्री झोप लागली नाही. आमच्या पदवीतली चार वर्षे त्या बाईने एका वाक्यात विचारली होती आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याच गावात टॉनिक न फवारलेल्या भारी जमिनीच्या वावरांतही त्या साली कापूस चांगलाच निघाला होता. ते आम्ही येता जाता पाहिले होते. फलकावर मात्र लिहिले नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर हसण्यावारी गेली असती. त्या सभेतल्या एका शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षी आठ एकरांसाठी ते टॉनिक उधारीवर उचलले. त्याची जमीन बरड होती, विहीर नव्हती आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. दिवाळीनंतर तो आम्हाला भेटला. आम्हाला वाटले, आता हा शिव्या देणार. त्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने विचारले, "साहेब, दवाई कमी पडली का? अजून एक हात द्यायला पाहिजे होता का?"

भावांनो, शिव्या परवडल्या असत्या. त्या माणसाला वाटत होते की चूक त्याची आहे. ज्याच्याकडे ताळा नाही त्याचे असेच होते. पीक आले तर श्रेय औषधाला, गेले तर दोष शेतकऱ्याला. आम्ही ती नोकरी सोडली. पण त्याच्या उधारीचा हिशेब आमच्या डोक्यावर अजून आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

कावळा आणि फांदी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. फांदी कावळ्याने मोडली की ती आधीच किडलेली होती हे कसे ठरवायचे? शेजारच्या, कावळा न बसलेल्या फांदीकडे पाहून. ती शाबूत असेल तर कावळ्यावर संशय घ्या. तीही मोडली असेल तर वादळाला विचारा. सगळा तिसरा कंट्रोल एवढाच आहे.

ही चूक फक्त आपल्यासारखे लहान लोक करतात असे समजू नका. पांढऱ्या सोन्याच्या बाबतीत साऱ्या देशाने केली आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. २००२-०३ साली देशाचा सरासरी उतारा हेक्टरी ३०२ किलो रुई होता. २००७-०८ साली तो ५५४ किलोवर गेला. बीटीच्या बाजूचे म्हणाले, पाहा, बीटी आले आणि उतारा वाढला. आकडे खरे आहेत. पण हा आधी आणि नंतरचा हिशेब झाला. ताळा कुठे आहे? त्याच वर्षांत रसशोषक किडींवर नवी औषधे आली, खतांचा वापर वाढला, सुधारित वाणांऐवजी संकरित वाण पसरले, गुजरातेत पाणी अडवण्याची मोठी कामे झाली. २००४-०५ सालीच उतारा ४७० किलोवर पोचला होता आणि तेव्हा परवानगीचे बीटी देशातल्या कपाशीच्या जेमतेम सहा टक्के क्षेत्रावर होते. गुजरातेत चोरून पेरलेले वेगळे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती यांनी २०२० साली ग्लेन स्टोन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात हीच गोष्ट मांडली.

उलट बाजूही ऐका. २०१२ साली जर्मनीतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातले बीटी पेरणारे आणि न पेरणारे शेतकरी यांची तुलना केली आणि एकरी २४ टक्के वाढ बीटीमुळे झाली असा हिशेब काढला. यावर आक्षेप आला की आधी बीटी घेणारा बहुधा पाणीवाला, पैसेवाला शेतकरी होता. त्यांनी तो फरक वजा करण्याचा प्रयत्न केला होता. वाद चालू राहिला. पण हा वाद कशावर आहे ते ध्यानात घ्या. शेजारी ठेवलेला तुकडा खरोखर सारखा होता का, यावर आहे. शिकलेल्या माणसांचे भांडण शेवटी म्हातारीच्याच प्रश्नावर येऊन ठेपते.

मग गुलाबी बोंडअळी उलटली. गुजरातेत ती बीटीला दाद देत नाही हे २०१० साली जाहीर झाले आणि २०१७ साली आपल्या विदर्भात तिने बोंडे आतून पोखरली. तेव्हा बीटीच्या विरोधातले म्हणाले, पाहा, बीटीचा कधी उपयोगच नव्हता. हीही तीच चूक, फक्त उलटी. आज औषध चालत नाही, यावरून ते काल चालत नव्हते असे ठरत नाही.

बीटीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची बिनबीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे. ती वावराच्या कडेने लावायची होती. हेतू असा की तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांमुळे बीटी पचवणाऱ्या अळ्यांची जमात लवकर फोफावू नये. किती जणांनी ती लावली? हात वर करा. (तीन हात वर.) बाकीच्यांना दोष देत नाही. अळीला खायला घालण्यासाठी कोण वावर सोडेल? पण ती पुडी त्याच जातीची असती, वावराच्या मधोमध दोन-चार तास लावली असती आणि वेगळी तोलली असती, तर बीटीचा ताळा फुकटात आपल्या घरी आला असता. देश वीस वर्षे ज्यावर भांडला, त्याचे आपल्या वावरापुरते उत्तर आपल्या वहीत असते.

त्याच २०१७ सालात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. एका पंपात दोन-तीन औषधे आणि वर टॉनिक, असे मिश्रण करण्याची रीत तेव्हा सर्रास होती, आजही गेलेली नाही. त्यातले कोणते लागते आणि कोणते नाही हे ताळ्याशिवाय कळत नाही. मग माणूस भीतीपोटी सगळेच टाकतो. ताळा नसल्याची किंमत काही वेळा पैशात मोजली जात नाही.

गडचिरोलीचा ताळा

आता एटापल्ली का, याचे उत्तर. ताळा कसा ठेवायचा याचा जगात नावाजलेला धडा याच गडचिरोली जिल्ह्यात घडला. तो पिकाचा नव्हता. माणसाच्या पोरांचा होता.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या आसपासच्या गावांत बाळमृत्यूंचे काम हाती घेतले. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात बाळे दगावत. दवाखाना लांब, बाळंतपण घरी. त्यांनी ठरवले की गावातलीच बाई शिकवून तयार करायची. तिने बाळाचे वजन करावे, श्वास मोजावा, ऊब द्यावी आणि जंतुसंसर्ग झाला तर घरीच इंजेक्शनसुद्धा द्यावे. ३९ गावांत हे काम केले. आणि ४७ गावे ताळ्याची ठेवली. तिथे सरकारी आरोग्य सेवा जशी होती तशी चालू, फक्त ही नवी बाई नाही. जन्म-मृत्यू मात्र दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे मोजले. काम सुरू करण्याआधीही मोजले, १९९३ ते १९९५. म्हणजे सुरुवातीला दोन्ही बाजू जवळपास सारख्या होत्या हे आधी पाहून घेतले.

काम झालेल्या गावांत आधी हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. आता कोणीही म्हणू शकला असता, अहो, त्या वर्षांत सडका झाल्या, पिके बरी आली, सगळीकडेच मृत्यू कमी झाले असतील. पण ४७ गावांचा ताळा बोलला. तिथला आकडा साठाच्या आसपासच राहिला. तोंड बंद. १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून आले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घ्यायची, हे देशाचे धोरण झाले. आज तुमच्या गावातली आशाताई बाळाचे वजन करायला येते, त्यामागे या जिल्ह्यातला ताळा आहे.

कोणी विचारेल आणि विचारलेच पाहिजे, मग त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय? त्यांना मुद्दाम वंचित ठेवले का? आम्हीही यावर खूप विचार केला. आमचे उत्तर असे. काम सुरू झाले तेव्हा गावातल्या बाईच्या हातून हे साधेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंजेक्शन तिच्या हाती देणे धोक्याचे आहे असे म्हणणारे डॉक्टर होतेच. त्या गावांना आधी मिळत होते त्यातले काही काढून घेतले नाही. जिथे गुण खरेच माहीत नाही तिथे ताळा ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. गुण सिद्ध झाल्यावरही कोणाला ताळा म्हणून मागे ठेवणे मात्र अन्याय आहे. ही रेघ विसरू नका.

याच मुलखात आणखी एक ताळा उभा आहे. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचे रान आहे. भोवतालच्या जंगलात सागाची तोड झाली, लागवड झाली. हा तुकडा १९५३ पासून न तोडता राखला आणि २०१४ साली सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जंगलात आपण काय कमावले, काय गमावले हे कोणाला मोजायचे असेल तर मोजमापाची समोरची गुंडाळी तिथे उभी आहे.

शेतीतही अशी चिकाटी आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे १८४३ साली गव्हाचा एक प्रयोग सुरू झाला. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून आजवर ना शेणखत दिले, ना रासायनिक खत. त्या एका उपाशी पट्ट्यामुळे बाकीच्या पट्ट्यांना अर्थ आहे. आणि आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ साली ज्वारी-गहू या पिकांवर खतांचा दीर्घ मुदतीचा प्रयोग सुरू झाला. तिथेही काहीच न दिलेला वाफा ठेवला. तो वर्षामागून वर्ष मागे पडत गेला आणि शेणखत व रासायनिक खत दोन्ही मिळालेला वाफा पुढे राहिला. शेणखताबद्दल आपले वाडवडील सांगत होते, अकोल्याने त्याचा ताळा दिला.

पाच तास कसे ठेवायचे

आता कामाचे बोलू. एकरात चार फुटांवर साधारण पन्नास तास बसतात. त्यातले पाच तास सोडा. एकराचा दहावा हिस्सा.

पहिली गोष्ट, काय मोजायचे ते आधी ठरवा आणि वहीत लिहा. बोंडे मोजायची की कापूस तोलायचा? पीक आल्यावर ठरवू म्हटले की मन आपल्याला हवे तेच मोजते.

दुसरी, धुऱ्याकाठचे, झाडाच्या सावलीतले, पाणी साचणारे तास घेऊ नका. सारखी जमीन पाहून पाच-पाच तासांचे दोन पट्टे धरा, मध्ये एक तास मोकळा ठेवा म्हणजे फवारा उडून पलीकडे जाणार नाही. कोणता पट्टा फवारायचा ते नाणे उडवून ठरवा. आपण निवडायला गेलो की हात आपोआप चांगल्या पट्ट्याकडे जातो. आमचाही गेला होता, सडकेच्या भारी वावराकडे.

तिसरी, फरक एकच ठेवा. टॉनिक तपासायचे असेल तर ताळ्याच्या पट्ट्यावर नुसत्या पाण्याचा फवारा मारा. नाहीतर कोरड्या दिवसांत गुण पाण्याचा यायचा आणि नाव टॉनिकचे व्हायचे.

चौथी, दोन्हीकडे खुंट्या ठोका, वेगळे वेचा, वेगळे तोला. कोणता पट्टा कोणता हे वेचणाऱ्या बाईला आणि तोलणाऱ्याला सांगू नका.

ज्वारीवाल्यांसाठी याहून सोपे आहे. काणी रोगासाठी किलोला चार ग्रॅम गंधक चोळा असे सांगतात. पटत नसेल तर थोडे बियाणे बिनगंधकाचे ठेवा, शेजारी पेरा, कणसे भरल्यावर दोन्हीकडची शंभर-शंभर कणसे मोजा. काणीची किती, चांगली किती. शाळेतले पोरगेही करील.

आता हिशेब. समजा फवारलेल्या पाच तासांत ६२ किलो कापूस निघाला आणि ताळ्याच्या पाच तासांत ६०. फरक २ किलो, म्हणजे एकरी २० किलो. किलोला ७० रुपये धरले तर १४०० रुपये. त्यातून वेचाई २०० गेली, राहिले १२००. टॉनिक आणि मजुरी मिळून खर्च समजा १६०० झाला. म्हणजे गुण आला आणि एकरी ४०० रुपये घरचे गेले. दुकानदार खोटे बोलला नव्हता. गुण येतो म्हणाला होता, पैसा येतो म्हणाला नव्हता.

दोन सावधगिरी. बोंडअळीचा पतंग धुरा ओलांडतो. तुमच्या वावरात कामगंध सापळे आणि शेजाऱ्याच्या नाहीत, याने ताळा लागत नाही. तिथे अख्खे गाव हाच एक वाफा धरावा लागतो, जसा बाळांच्या कामात धरला. आणि ज्याचा गुण पक्का ठरलेला आहे, त्याचा पुन्हा पुन्हा ताळा पाहत नुकसान करून घेऊ नका.

एक वावर, एक साक्षीदार

कोणी हुशार माणूस म्हणेल, ६२ आणि ६० यात काय अर्थ आहे? काहीच न करता दोन पट्टे तोलले तरी दोन-चार किलोंचा फरक येतो. अगदी खरे. एका वावराचा ताळा म्हणजे एक साक्षीदार. त्याच्यावर निकाल देता येत नाही.

इथेच संघटनेची गरज लागते. वीस गावांतल्या वीस शेतकऱ्यांनी तेच टॉनिक, तसेच पाच तास ठेवून तपासले आणि दहा ठिकाणी वजन जास्त, दहा ठिकाणी कमी आले, तर समजा की नाणे उडवल्यासारखे झाले. अठरा ठिकाणी जास्त आले तर त्यात काही तथ्य आहे. विद्यापीठाकडे प्रक्षेत्र आहे, कंपनीकडे पैसा आहे, आपल्याकडे वावरे आहेत. बरड, भारी, उताराची, पाणथळ, सगळ्या जातीची. एवढी मोठी प्रयोगशाळा कोणाकडे नाही. आपण ती आजवर दुसऱ्याच्या फलकासाठी वापरू दिली.

शेवटी आमच्या अडचणीचे बोलतो. हा प्रश्न संघटनेलाही लागू आहे. आपण मोर्चा काढतो, त्या साली भाव वाढतो आणि आम्ही व्यासपीठावरून सांगतो की मोर्चाने वाढला. कदाचित वाढला असेल. कदाचित परदेशात पीक बुडाले म्हणून वाढला असेल. आम्ही असे बोललो की उठून विचारा, साहेब, ज्या वर्षी मोर्चा नव्हता त्या वर्षीचे काय? आम्हाला राग येईल. तरी विचारा.

या बैठकीत एवढेच ठरवू या. येत्या हंगामात प्रत्येकाने एका वावरात, एका गोष्टीचे, पाच तास ताळ्याचे ठेवायचे. कापूसवाल्याने पऱ्हाटीचे, ज्वारीवाल्याने ज्वारीचे, इथल्या एटापल्लीकरांनी धानाच्या एका बांधीचे. शाळेची दोन रुपयांची जुनी वही चालेल. डाव्या पानावर टाकलेल्याचे वजन, उजव्या पानावर न टाकलेल्याचे. पुढच्या बैठकीला येताना त्या वह्या घेऊन या. भाषणे कमी करू आणि वह्या वाचू.

आणि तोपर्यंत कोणीही, दुकानदार असो, साहेब असो, मंत्री असो की आम्ही असू, पीक दाखवून काही सांगायला लागला, तर धुऱ्यावरच्या त्या म्हातारीसारखे उठायचे आणि विचारायचे, "यातलं न फवारलेलं कोणतं?"